बारवेत न गेलेला तुकडा

शिवलिंगअप्पा, आईवडिलांनंतर मी कोणाचा सगळ्यात जास्त ऋणी असेन तर तो तुमचा. ऋण कशाचं, असं कोणी विचारलं की मी सांगतो, अप्पांनी मला नोकरी दिली नाही त्याचं.

बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात दादांनी मला तुमच्याकडे पाठवलं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, आपल्या उपसा सिंचन संस्थेचा पंप चालवायचे आणि तुम्ही संस्थेचे चेअरमन. दादांच्या हाताखाली मदतनिसाची जागा रिकामी होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून दिंद्रुडला तुमच्या भांड्यांच्या दुकानी आलो. तुम्ही प्लास्टिकच्या घागरींच्या ढिगामागे बसला होतात. फक्त टोपी दिसत होती.

"मार्क किती पडले?" टोपीनं विचारलं.

मी सांगितले.

"आन एवढे मार्क घेऊन पंपाचं बटन दाबायला यायलास?"

"दादा म्हणले, अप्पाला भेट."

"भेटलास की. आता दादाला सांग, अप्पा न्हाई म्हणले. कावून म्हणले ते इचारू नको म्हणावं. तू अंबाजोगाईला जायचं. विजेचं शिकायचं. बटन दाबायला मला लई जण घावतेत."

मी रडवेला होऊन घरी आलो. मायनं तेव्हापासून तुमच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं. स्टीलचा डबा हवा होता तर ती थेट माजलगावला गेली. तुम्ही मात्र आमच्या घरावरून जाताना मोठ्यानं विचारायचात, "इंजिनेर काय म्हणतंय?" मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो आणि गणितात नापास झालो होतो. तुम्हाला ते माहीत होतं. तरी तुम्ही तेच विचारायचात, तेवढ्याच मोठ्यानं.

आज तुम्ही नाही. तुमची समाधी होऊन पंधरवडाही झालेला नाही. गावानं तुम्हाला विभूती लावून, बसवून, मातीत ठेवलं. मीही मूठभर माती टाकली. तिथंच बाभळीखाली कोणीतरी सहज म्हणालं, "अप्पा सोन्यावाणी माणूस. एक केबल तेवढी घालवली बारवेत." चार जणांनी माना हलवल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तेवढ्या वाक्यावरून मी तुमच्याशी पुन्हा भांडायला बसलोय.

आपलं भांडण जुनं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून सुरुवातीपासून सांगतो. तुम्ही मध्ये बोलू नका.

मी शाळेत होतो तेव्हाचा तो दुष्काळ. धरणाचं पाणी मागं सरकत सरकत इतकं लांब गेलं की आपलं पंपघर कोरड्या भेगाळ गाळात उभं राहिलं. योजना बंद पडली. सभासदांची जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या मागं. तेव्हा शेजारच्या गावची केबल चोरीला गेली. आतल्या धातूसाठी चोर जमिनीतून केबल उपसून नेत होते. आपली अकरा हजार व्होल्टची केबल खांबापासून पंपघरापर्यंत काळ्या मातीत पुरलेली, आणि सगळ्या संस्थेच्या मालकीचं तेवढंच काय ते उरलेलं.

तुम्ही सभा घेतलीत. कोणी म्हणालं पहारा ठेवू, कोणी म्हणालं देवळात ठेवू. तुम्ही म्हणालात, बारवेत सोडू. गावची जुनी बारव, पायऱ्या खचलेल्या, तरी तळाला पाणी होतं. पिण्याजोगं नव्हतं, म्हणून टँकरवाले त्याला हात लावत नव्हते.

"पाण्यात केबल?" दादांनी भीत भीत विचारलं होतं.

"वरून काय हाय तिला? प्लास्टिक. मी जल्मभर प्लास्टिकच्या घागरी विकायलो. एक तरी घागर पाण्यानं मेलेली ऐकली का?"

सगळे हसले. त्या वर्षात गावाला हसायला फार कमी मिळालं होतं. मग अख्खं गाव उतरलं. पंपघराच्या फरशीखालच्या पाइपातला केबलचा शेवटचा भाग निघेना, म्हणून तो तिथंच कापून सोडला. बाकीची उकरून, गुंडाळून, दोरखंड लावून बारवेत उतरवली. बाया काठावर उभ्या राहून जात्यावर ओव्या म्हणाव्यात तशा सुरात दोर सोडणाऱ्यांना टोमणे मारत होत्या. केबल पाण्याखाली गेली तेव्हा गावानं टाळ्या वाजवल्या. चोर खरंच आले नाहीत.

पुढं पाऊस झाला, धरण भरलं. केबल वर काढली, धुतली, परत पुरली, पंपघराच्या तुकड्याला जोड दिला आणि पंप सुरू झाला. तुमचा निर्णय किती बरोबर होता हे दोन-तीन वर्षं गाव पाहुण्यांना सांगत होतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा ती केबल फुटली. हरभऱ्याला घाटे लागले होते, गव्हाला शेवटचं पाणी हवं होतं. दुरुस्तीला आलेल्या माणसानं एक जागा कापून जोडली, तर आठवड्यात दुसरीकडे फुटली. तो जाता जाता म्हणाला, "केबलला पाणी लागलंय." त्याला पुढचं विचारायला कोणाला सुचलं नाही. पिकं माना टाकायला लागली होती.

मारुतीच्या पारावर सभा बसली. मी सुट्टीत घरी आलो होतो, मागं उभा होतो. संस्थेत सगळ्यात जास्त जमीन असलेले तात्या उठले. तात्यांचा गहू सगळ्यात जास्त जळाला होता.

"ही ऑपरेटरची करणी हाय," तात्या म्हणाले. "दोन दोन मोटारी एकदम चालू करतोय. ताण पडला आन केबल गेली. आधी त्याला काढा, मग पुढचं बोला."

दादा उभे राहिले. हातात टोपी. दादांनी आयुष्यात कधी दोन मोटारी एकदम चालू केल्या नव्हत्या. एक पुरती वेगात आल्याशिवाय ते दुसरीला हात लावत नसत. पण हे सांगायला लागतं ते धैर्य त्यांच्यात नव्हतं, आणि माझ्यातही.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब बे तात्या."

सगळ्यांच्या माना तुमच्याकडं वळल्या.

"केबलला पाणी लागलंय म्हणला ना तो माणूस? मग तिला पाण्यात कोणी घातली? ह्यानं?" तुम्ही दादांकडं बोट केलंत. "ह्यो तर नको म्हणत होता. मी घातली. घागरीचं गणित मी सांगितलं. चूक माझी हाय. माझ्या नावावर मांडा आन विषय मिटवा. आजपासून चेअरमन बी दुसरा बघा."

तुम्ही बसलात सुद्धा नाही. चपला घातल्यात आणि निघालात. तात्या मागून म्हणाले, "आरं अप्पा, तसं कुठं म्हणलो मी?" पण विषय मिटला होता. दादांची नोकरी राहिली. सभासदांनी वर्गणी काढून नवी केबल घेतली. आणि गावाच्या बोलण्यात एक वाक्य कायमचं राहिलं, केबल अप्पामुळं गेली.

घरी आल्यावर मायनं चूल पेटवली. मग म्हणाली, "उद्या दिंद्रुडला चाललीस तर मला बी ने. अप्पाच्या दुकानातून पातेलं आणायचंय." हे ती माझ्या बहिणीला म्हणाली. तुम्हाला तिनं कधी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

नवी केबल टाकताना पंपघराची फरशी फोडली. तेव्हा पाइपात राहिलेला जुना तुकडा निघाला. मी दादांकडून तो मागून घेतला, आणि बारवेत गेलेल्या केबलचा, फुटलेल्या जागेजवळचा एक तुकडा घेतला. मला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवा होता, हे खरं. पण दादांना टोपी हातात घेऊन उभं पाहिलं होतं, हेही खरं.

अप्पा, तुमचं घागरीचं गणित अर्धं बरोबर होतं. नुसत्या पाण्यानं प्लास्टिक लवकर मरत नाही. नुसत्या विजेनंही चांगली केबल वर्षानुवर्षं टिकते. पण दोन्ही एका जागी आले की तिसरंच काहीतरी सुरू होतं. प्लास्टिकात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, कचऱ्याचे कण असतात. ओल्या मातीतून पाणी वाफेसारखं हळूहळू आत शिरतं. आतल्या तारेत वीज सुरू असली की तिचा ताण प्लास्टिकवर सतत एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं पडत राहतो. छिद्राजवळ तो सगळ्यात जास्त. त्या ताणानं पाणी पुढं पुढं खेचलं जातं, प्लास्टिकला केसाहून बारीक फटी पडत जातात, फटींना फाटे फुटतात. विजेच्या पुस्तकात त्याला पाण्याची झाडंच म्हणतात. ना आवाज, ना वास, ना गरम लागतं. वर्षानुवर्षं झाड वाढतं आणि केबल आपली चालू असते. जेव्हा शाबूत प्लास्टिकची जाडी फार थोडी उरते, तेव्हा एक दिवस वीज उरलेलं अंतर जाळून पार करते. लोकांना तो एक दिवस दिसतो.

आणि ही झाडं वाळली की दिसेनाशी होतात. मी पहिल्यांदा काप काढून पाहिले तर काहीच दिसलं नाही. मग आमच्या सरांनी सांगितलं तसं निळ्या रंगाच्या पाण्यात ते काप बराच वेळ गरम केले.

तुम्ही तेव्हा डोळे दाखवायला अंबाजोगाईला आला होतात. एका डोळ्याला पट्टी होती. मी तुम्हाला रिक्षात घालून कॉलेजात आणलं. धोतर सावरत तुम्ही लॅबच्या स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "ह्या डोळ्यानं बघतो. ह्याला अजून दिसतंय." मी सूक्ष्मदर्शकाखाली काप ठेवला. तुम्ही वाकलात आणि बराच वेळ वाकूनच राहिलात.

"आरं, ही तर बाभळ हाय."

"झाडच आहे, अप्पा."

"निळी बाभळ. फांद्या बी हायेत की रं. दुष्काळात गावात काडी उगवली न्हाई, आन ही हितं उगवली!" तुम्ही हसलात. मग काचेवरून डोळा न हलवता हळूच म्हणालात, "ही बारवेतली ना?"

मी म्हणालो, "नाही. ही बारवेत न गेलेल्या तुकड्यातली आहे. पंपघराच्या पाइपातली."

तुम्ही काचेवरून डोळा बाजूला घेतलात.

मी दुसरा काप ठेवला, बारवेतल्या केबलचा. झाडं जवळजवळ तेवढीच. मी तुम्हाला समजावलं की एवढी झाडं वाढायला कित्येक वर्षं वीज सुरू असावी लागते. बारवेत केबल होती तेव्हा तिच्यात वीज नव्हतीच. ती झाडं दुष्काळाच्या आधीची, काळ्या मातीत दर पावसाळ्यात साठणाऱ्या ओलीत वाढलेली. आपली केबल जुन्या पद्धतीची होती, पाणी अडवणारा थर नसलेली. तेव्हा सगळीकडे तशीच टाकत. ती फुटणारच होती. दादांमुळं नाही, तुमच्यामुळं नाही.

तुम्ही विचारलंत, "बारवेचा काहीच वाटा न्हाई?"

मी खोटं बोललो नाही. म्हणालो, "थोडा असेल. कापलेली टोकं उघडी होती, आतल्या तारांत पाणी शिरलं असेल. फुटायची ती थोडी लवकर फुटली असेल. पण सुरुवात बारवेनं केली नाही."

"वाटा हाय म्हणतोस ना? मग झालं."

"कसं झालं? मी येत्या सभेत हे काप दाखवतो."

"न्हाई दाखवायचे."

"का?"

"तू शिकलास, पण तुला माणसं कळंनात." तुम्ही पट्टी चाचपलीत. "तू सांगशील, चूक कोणाचीच न्हाई. गहू जळालेला माणूस हे ऐकतोय व्हय? त्याला एक नाव लागतं. माझं काढलंस की तो दुसरं हुडकणार. जवळ कोण हाय? तुझा बाप. माझं दुकान हाय, मला गावानं काढून काढून कुठं काढायचं? त्याला काढलं तर त्यानं कुठं जायचं?"

"हे बरोबर नाही, अप्पा."

"बरोबर न्हाईच. चल, च्या पाज."

कॉलेजच्या टपरीवर आपण चहा प्यालो. तुम्ही टपरीवाल्याला सांगत होतात की प्लास्टिकच्या पेल्यात गरम चहा देऊ नको, प्लास्टिकवर माझा आता भरवसा राहिला नाही.

त्यानंतर दरवेळी आपण हेच भांडलो. मी नोकरीला लागल्यावर, केबल तपासायचंच काम मला मिळाल्यावर तर जास्तच. तुमचं म्हणणं, संस्था टिकली ना? माझं म्हणणं, तुमच्या नावावर टिकली. तुमचं म्हणणं, नाव काय करायचंय. अप्पा, नावाचं काय करायचं असतं ते तुमच्या समाधीपाशी मला कळलं. तुमचा नातू माझ्या शेजारीच उभा होता. केबलचं ते वाक्य त्यानंही ऐकलं. त्यानं मान खाली घातली.

गेल्या महिन्यात मी तुम्हाला पत्र लिहिलं, कारण फोनवर तुम्ही विषय बदलता. तुमची सून, सुरेखावहिनी, परवा मला म्हणाल्या की तुम्हाला आता वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही परत वाचायला सांगितलंत. मग म्हणालात, "लई हट्टी निघालं बेणं." वहिनींनी विचारलं, उत्तर काय कळवू? तुम्ही म्हणालात, "उद्या सांगतो." चार दिवस तुम्ही उद्याच म्हणत राहिलात. मग तुम्ही गेलात.

म्हणजे तुमचा होकार माझ्याकडं नाही. नकारही नाही. तुम्ही पहिल्यांदा मला नाही म्हणाला होतात तेव्हा त्यातून माझं भलं झालं. या वेळी तुम्ही काय म्हणाला असतात ते मला खरंच माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही.

झालं असं, की आता तात्या चेअरमन आहेत. संस्थेच्या वार्षिक अंकात तुमच्यावर काहीतरी लिहून दे, असं त्यांनीच मला सांगितलं. लिहिण्याआधी मी त्यांच्या घरी गेलो आणि दोन्ही तुकड्यांची गोष्ट सांगितली. तात्या आता थकलेत. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली.

"म्हंजी तुझ्या बापाची न्हाई, अप्पाची बी न्हाई?"

"नाही."

"मंग अप्पा तवा कावून बोलला तसं?"

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "माझ्यामुळं," ते म्हणाले. "लिही. मी काय बोललो ते बी लिही. सभेत मी वाचीन."

म्हणून हे लिहिलं, अप्पा. तुमचं ऐकलं नाही. तुम्ही आमच्यासाठी जे अंगावर घेतलंत, ते तुम्ही जिवंत असेपर्यंत मी तुमच्या अंगावर राहू दिलं, कारण तुमची आज्ञा होती. आता तुमच्या नातवाच्या अंगावर ते राहू देणार नाही. रागवायचं तर रागवा.

तुम्हाला पाठवलेलं पत्र खाली देतो आहे. सुरेखावहिनींनी ते जपून ठेवलं होतं, त्यांनीच परत दिलं. त्यात एक अक्षर बदललेलं नाही.

तीर्थस्वरूप शिवलिंगअप्पांस,
ज्ञानोबाचा साष्टांग नमस्कार.

तब्येत कशी आहे? थंडीत पहाटे दुकान उघडायला जाऊ नका, असं वहिनींनी सांगितलं तर ऐकत जा.

दादांनी काम सोडलं. परवा त्यांनी पंपघराची किल्ली नव्या ऑपरेटरकडं दिली आणि घरी येऊन दिवसभर झोपले. आता त्यांना कोणी काढू शकत नाही. म्हणजे तुमचं कारण संपलं. एवढी वर्षं मी तुमचं ऐकलं, आता तुम्ही माझं ऐका.

पुढच्या सभेला मी सुट्टी काढून येतो. दोन्ही तुकडे आणि सूक्ष्मदर्शक घेऊन येतो. ज्याला बघायचं त्यानं बघावं. मी कोणाला दोष देणार नाही, तात्यांनाही नाही. फक्त जे आहे ते सांगेन. तुम्ही पुढं बसायचं. मला बोलता आलं नाही तर मागून "बोल बे" म्हणायचं, कारण गावापुढं माझी अजून दातखीळ बसते.

तुम्ही म्हणाल, आता काय त्याचं? अप्पा, मी रोज लोकांच्या केबली तपासतो. कुठली कशानं गेली ते लिहून देतो, खाली सही करतो. अनोळखी माणसं त्या सहीवर विश्वास ठेवतात. माझ्याच गावात मात्र, ज्या माणसामुळं मला ही सही करता येते, त्याच्याबद्दल चुकीचं बोललं जातं आणि मी गप्प बसतो. मला ते आता जमत नाही.

पण तुमच्या परवानगीशिवाय तोंड उघडणार नाही. हो म्हणा. नाहीतर नाही म्हणा, पण या वेळी कारण सांगा.

मायनं तुमच्यासाठी करडईचं तेल काढून ठेवलंय. येताना आणतो.

आपला आज्ञाधारक,
ज्ञानोबा